'वंडरवॉल म्युझिक' आणि मुंबईचे वादक

१ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनमध्ये 'वंडरवॉल म्युझिक' नावाची लाँगप्ले तबकडी विक्रीला आली. बीटल्सपैकी एकाच्या स्वतंत्र नावावर निघालेला हा पहिला अल्बम. बीटल्सनी त्याच वर्षी काढलेल्या ॲपल रेकॉर्ड्स या कंपनीचाही तो पहिलाच अल्बम. वेष्टनावर नाव जॉर्ज हॅरिसनचे, वय वर्षे पंचवीस. गटातून वेगळा होऊन पहिला अल्बम काढणारा रॉक वादक सहसा स्वतःची गाणी स्वतःच्या आवाजात घेऊन पुढे येतो आणि नामवंत मित्र त्याच्या साथीला बसतात. इथे नामवंत मित्र होते, पण हॅरिसनने गायलेले एकही गाणे नव्हते. एकोणीस लहान-मोठ्या वाद्यरचनांच्या या अल्बममधला सर्वांत जिवंत भाग जानेवारी १९६८मध्ये मुंबईत, फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत जमलेल्या हिंदुस्थानी वादकांनी वाजवलेला आहे.

अल्बमचे निमित्त होते एक चित्रपट. जो मॅसॉट या दिग्दर्शकाने १९६७मध्ये 'वंडरवॉल' नावाचा चित्रपट हाती घेतला होता. एकलकोंड्या प्राध्यापकाला आपल्या खोलीच्या भिंतीला पडलेल्या भोकातून शेजारच्या तरुण मॉडेलचे रंगीबेरंगी जग दिसू लागते आणि तो त्यात पुरता गुंततो, एवढेच कथानक. प्राध्यापकाचे काम जॅक मॅकगोरान यांनी केले, तरुणीचे जेन बर्किन यांनी. संवाद जेमतेम असल्याने प्रसंगामागून प्रसंग संगीतानेच तोलून धरायचे होते. हॅरिसनने चित्रपटाला संगीत कधी दिले नव्हते आणि तसे त्याने मॅसॉटला सांगितलेही. जे देशील ते वापरीन, असे उत्तर मिळाल्यावर तो तयार झाला. पॉल मॅकार्टनीने त्याआधी 'द फॅमिली वे' या चित्रपटासाठी सुरावटी रचल्या होत्या, परंतु ते संगीत जॉर्ज मार्टिन यांच्या वाद्यवृंदाच्या नावावर निघाले. त्यामुळे बीटल्समधला पहिला स्वतंत्र अल्बम हा मान हॅरिसनकडे गेला.

त्याची कामाची पद्धत साधी होती. कापून तयार झालेला चित्रपट पडद्यावर बघायचा, हातातल्या स्टॉपवॉचने प्रत्येक प्रसंगाची लांबी मोजायची आणि तेवढ्याच लांबीची रचना बसवायची. बहुतेक रचना एक-दीड मिनिटाच्या का आहेत, याचे उत्तर या घड्याळात आहे. निर्मात्यांनी संगीतासाठी राखून ठेवलेली रक्कम फारच तुटपुंजी होती. वरचा सगळा खर्च हॅरिसनने आपल्या खिशातून केला.

हे संगीत हिंदुस्थानी वाद्यांकडे वळले यात नवल नव्हते. १९६५मध्ये 'हेल्प!' या चित्रपटातला रेस्टॉरंटचा प्रसंग चित्रित होत असताना हॅरिसनच्या हाती पहिल्यांदा सतार आली. त्याच वर्षी त्याने लंडनच्या इंडियाक्राफ्ट या दुकानातून एक साधी सतार विकत घेतली आणि 'नॉर्वेजियन वुड' या गाण्यात वाजवली. तिथे सतारीवर गिटारचीच सुरावट होती. खरा बदल १९६६च्या 'लव्ह यू टू' या गाण्यात दिसला. त्यात आधी आलापासारखी मोकळी सुरुवात आहे आणि मग ताल सुरू होतो. तबला अनिल भागवत यांचा होता आणि 'रिव्हॉल्व्हर' या अल्बमच्या वेष्टनावर त्यांचे नाव छापले गेले. बीटल्सच्या तबकडीवर बाहेरच्या वादकाचे नाव येणे तेव्हा अपूर्वाईचे होते. लंडनमधल्या भारतीय वादकांशी त्याची गाठ पडली ती अयन अंगडी आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांच्या एशियन म्युझिक सर्कल या संस्थेतून. जून १९६६मध्ये याच दांपत्याच्या ओळखीतून त्याची रविशंकर यांच्याशी भेट झाली.

सप्टेंबर १९६६मध्ये हॅरिसन पत्नी पॅटीसह रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला आणि टोपणनावाने ताजमहाल हॉटेलात उतरला. ओळख लपली नाही. बातमी फुटताच हॉटेलबाहेर तरुणांची गर्दी जमली, पत्रकार परिषद घ्यावी लागली आणि गुरुशिष्यांना शिकवणीसाठी काश्मीर गाठावे लागले. या मुक्कामात रविशंकरांचे शिष्य शंभू दास त्याला सतारीची बैठक, हाताची ठेवण आणि रोजचा रियाझ शिकवीत होते. रविशंकरांनी १९६२मध्ये मुंबईत काढलेल्या 'किन्नरा' या संगीतशाळेचे काम ते पाहत. पुढे 'वंडरवॉल'साठी मुंबईतले वादक जमवण्याची जबाबदारी त्यांच्यावरच आली.

१९६७च्या 'विदिन यू विदाउट यू' या गाण्यात हॅरिसनने दिलरुबा, तंबोरा, तबला आणि स्वरमंडळ यांच्या जोडीला पाश्चात्त्य व्हायोलिने घेतली. त्या गाण्यातल्या भारतीय वादकांची नावे मात्र वेष्टनावर आली नाहीत. अनेक वर्षे त्यांचा उल्लेख एका संस्थेचे वादक एवढाच होत राहिला. 'वंडरवॉल म्युझिक'ने ही उणीव भरून काढली. मुंबईच्या वादकांची नावे वेष्टनावर आली, रोमन अक्षरजुळणीत चुका असल्या तरी आली.

लंडनमधले ध्वनिमुद्रण २२ नोव्हेंबर १९६७ला ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत सुरू झाले. हॅरिसनला स्वरलिपी लिहिता येत नव्हती. तो सुरावट गुणगुणत असे किंवा वाजवून दाखवी आणि जॉन बारहॅम ती कागदावर उतरवीत. बारहॅम पियानोवादक आणि रविशंकरांचे विद्यार्थी होते. राग म्हणजे काय आणि वाद्यवृंदासाठी लिहायचे कसे, या दोन्ही गोष्टी जाणणारी माणसे त्या काळच्या लंडनमध्ये विरळाच होती, म्हणून या कामात त्यांचे महत्त्व मोठे. साथीला रेमो फोर हा लिव्हरपूलचाच गट होता. कॉलिन मॅनली गिटारवर, टोनी ॲश्टन पियानो आणि ऑर्गनवर, फिलिप रॉजर्स बेसवर, रॉय डाइक ड्रमवर. तोंडाने वाजवायच्या हार्मोनिकासाठी टॉमी रायली आले. मॅनलीच्या स्टील गिटारची आणि रायलींच्या हार्मोनिकाची ओळख करून घ्यायची तर 'काउबॉय म्युझिक' ऐकावे.

नामवंत पाहुणे याच भागातले. क्रीम या गटामुळे तेव्हा कीर्तीच्या शिखरावर असलेला एरिक क्लॅप्टन 'स्की-इंग' या रचनेत गिटार वाजवतो. ड्रमवर बीटल्सचाच रिंगो स्टार आहे. त्या काळी वादक एका कंपनीशी बांधलेला असला की दुसरीच्या तबकडीवर त्याचे नाव उघडपणे घालता येत नसे. क्लॅप्टन 'एडी क्लेटन' या नावाने ओळखला गेला आणि रिंगो 'रिची स्नेअर' या नावाने. एडी क्लेटन हे नाव रिंगोच्या तरुणपणातले. लिव्हरपूलमध्ये १९५७मध्ये तो ज्या हौशी गटात ड्रम वाजवू लागला, त्याचे नाव एडी क्लेटन स्किफल ग्रुप होते. मंकीज गटाच्या पीटर टॉर्कनेही बँजोवर थोडे वाजवले. ते चित्रपटात आहे, अल्बममध्ये नाही.

जानेवारी १९६८च्या दुसऱ्या आठवड्यात हॅरिसन मुंबईत दाखल झाला. एचएमव्हीचा, म्हणजे ग्रामोफोन कंपनीचा, स्टुडिओ फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या युनिव्हर्सल इमारतीत होता. कंपनीचे मुख्य ठाणे कलकत्त्याला. दमदमच्या कारखान्यात तबकड्या छापल्या जात आणि चांगली यंत्रसामग्रीही तिकडेच असे. मुंबईच्या स्टुडिओत फक्त मोनो यंत्र होते, म्हणजे सगळा आवाज एकाच पट्टीवर उतरवणारे. कंपनीचे प्रमुख भास्कर मेनन यांनी हॅरिसनसाठी दोन पट्ट्यांचे स्टिरिओ यंत्र कलकत्त्याहून आगगाडीने मागवले. हेच मेनन पुढे अमेरिकेत कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले. मुंबईत कंपनीच्या वतीने विजय दुबे यांनी देखरेख केली, तर ध्वनिमुद्रणाचे तांत्रिक काम जे. पी. सेन आणि एस. एन. गुप्ता यांनी सांभाळले.

लंडनमध्ये चार पट्ट्यांची सोय होती. एका पट्टीवर तबला, दुसरीवर सतार, पुढे आवाज, असे वेगवेगळे घेऊन मागाहून प्रत्येकाचे प्रमाण ठरवता येई. दोन पट्ट्यांवर ती चैन नव्हती. कोण माइकजवळ बसेल, कोण लांब, सनई किती मागे सरकवायची, तंबोऱ्याची गुंज कितपत पोचली पाहिजे, हे सगळे वाजवण्याआधीच ठरवावे लागे, कारण जे फितीवर उतरेल तेच अंतिम. एकजण चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून वाजवायचे. हॅरिसनने पुढे सांगितले की मुंबईत ध्वनिमुद्रण चालू असतानाच मिश्रण होत होते आणि ते त्याला आवडलेही, कारण लंडनच्या अनेक पट्ट्यांनी कलाकार लाडावतो. स्टुडिओ कचेऱ्यांच्या वर होता आणि बाहेरचा आवाज अडवण्याची सोय नव्हती. संध्याकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांचा धडधडाट सुरू होई आणि काम थांबवावे लागे. कान देऊन ऐकले तर काही रचनांत रस्त्यावरच्या टॅक्सी ऐकू येतात, असे त्यानेच म्हटले आहे.

स्टुडिओत जमलेल्या वादकांची यादी आज वाचली तरी मन भरून येते. सरोदवर आशीष खाँ होते, अली अकबर खाँ यांचे पुत्र आणि बाबा अल्लाउद्दीन खाँ यांचे नातू. तबला आणि पखवाज महापुरुष मिश्र यांच्याकडे. ते अली अकबर खाँ यांचे साथीदार म्हणून जगभर ओळखले जात. सतारीवर शंभू दास आणि इंद्रनील भट्टाचार्य, सूरबहारवर चंद्रशेखर, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर एस. आर. केंकरे, तारशहनाईवर विनायक व्होरा. शरद आणि हनुमान हे दोन सनईवादक होते. हार्मोनियम आणि तबलातरंग रिजराम देसाद यांनी सांभाळला. यांतले कितीतरी धागे मैहर घराण्याशी जाऊन मिळतात. रविशंकर स्वतः अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्य. त्यांचे शिष्य शंभू दास आणि बारहॅम, आणि त्यांच्या गुरूंचे नातू आशीष खाँ. गुरुबंधूंच्या आणि घराण्याच्या नात्यांतूनच हे वादक जमले, ध्वनिमुद्रण कंपनीच्या यादीतून नव्हे.

शिवकुमार शर्मा तेव्हा तिशीत होते. काश्मीरच्या सूफियाना संगीतातले संतूर त्यांनी शास्त्रीय मैफलीत आणले, पण मिंड निघत नसलेल्या वाद्यावर राग कसा वाजणार, हा आक्षेप त्यांची पाठ सोडत नव्हता. चित्रपटसृष्टीशी त्यांचा संबंध जुना होता. १९५५च्या व्ही. शांताराम यांच्या 'झनक झनक पायल बाजे' या चित्रपटात संगीतकार वसंत देसाई यांनी त्यांच्याकडून संतूर वाजवून घेतले. १९६७मध्ये हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांच्याबरोबर त्यांनी केलेल्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या एचएमव्हीच्या तबकडीने तर संतूर देशाबाहेरही पोचवले. 'वंडरवॉल'मधल्या 'इन द पार्क'मध्ये ते पुढे आहे. सूरबहारच्या जाड, संथ तारांवर त्याचे हलके थेंब पडत राहतात आणि खालून तबलातरंग चालतो.

तबलातरंग आणि तारशहनाई ही दोन वाद्ये अल्बमच्या पाश्चात्त्य श्रोत्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकली असतील. तबलातरंगात वेगवेगळ्या सुरांना लावलेले तबले वादकाभोवती अर्धवर्तुळात मांडतात आणि त्यांवर सुरावट वाजवतात. तारशहनाई दिसायला इसराजसारखी, गजाने वाजणारी, पण तिला ग्रामोफोनसारखा कर्णा जोडलेला असतो. त्यामुळे तारांचा आवाज सनईसारखा टोकदार होऊन बाहेर पडतो. माणसाच्या हुंदक्याच्या इतक्या जवळ जाणारे वाद्य क्वचितच सापडेल. 'क्राइंग' या सव्वा मिनिटाच्या रचनेत विनायक व्होरा यांनी ते असे वाजवले आहे की शीर्षकाची गरज उरू नये. ही वाद्ये पाश्चात्त्य श्रोत्यांना कळावीत म्हणून मुद्दाम अल्बममध्ये घातली, असे हॅरिसनने नंतर सांगितले. सतार आणि तबला यांपलीकडे हिंदुस्थानी संगीतात काही आहे, हे तेव्हा पश्चिमेत फार थोड्यांना ठाऊक होते.

'तबला अँड पकवाज' ही रचना जेमतेम एका मिनिटाची. शाईच्या तबल्याचा कोरडा, टिपेचा नाद आणि पखवाजाच्या धूमपुडीचा, म्हणजे ओली कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा, खोल घुमारा समोरासमोर ठेवला आहे. बाकी काही नाही. सुरांचा आधारही न देता एक मिनिट नुसत्या चर्मवाद्यांना सोपवून देणे १९६८च्या रॉक अल्बममध्ये धाडसाचे होते.

सगळ्यांत बारकाईने ऐकण्यासारखा आहे तो 'स्की-इंग' आणि 'गत किरवाणी' यांमधला सांधा. 'स्की-इंग'मध्ये तंबोऱ्याच्या अखंड गुंजेवर क्लॅप्टनची कर्कश, फाटक्या आवाजाची गिटार तीच ती छोटी स्वराकृती पुन्हा पुन्हा म्हणत राहते, आणि पाठोपाठ, श्वास घ्यायलाही जागा न ठेवता, आशीष खाँचा सरोद किरवाणीची गत सुरू करतो. एक रचना लंडनची, दुसरी मुंबईची, मध्ये हजारो मैलांचे अंतर, तरी कानाला धक्का बसत नाही. तंबोऱ्याची गुंज हे एक कारण. दुसरे कारण किरवाणी. हा राग दक्षिणेतून उत्तरेत आला आणि रविशंकर व अली अकबर खाँ यांच्या पिढीने तो वाद्यसंगीतात रूढ केला. त्यात गंधार आणि धैवत कोमल, निषाद शुद्ध. पाश्चात्त्यांच्या एका प्रचलित मायनर सप्तकातही हेच स्वर असतात, त्यामुळे लंडनच्या कानाला तो परका वाटत नाही आणि मुंबईच्या वादकाला त्यासाठी काही सोडावे लागत नाही. निवड कोणीही केली असो, ती जाणत्याची आहे.

'लव्ह सीन'मध्ये आशीष खाँनी स्वतःशीच जुगलबंदी केली. आधी एक सरोद फितीवर घेतला, मग तो ऐकत त्याच्यावर दुसरा वाजवला. मैफलीत हे अशक्य. ध्वनिमुद्रणाच्या तंत्राने आलेली ही शक्यता हिंदुस्थानी वादकाने तेव्हा क्वचितच अजमावली होती. चार मिनिटांच्या या रचनेत त्यांना थोडी मोकळी जागा मिळाली आहे आणि तिचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला आहे.

राग एवढ्या अवघ्या वेळात मांडता येतो का, हा प्रश्न या अल्बमविषयी अनेकदा विचारला गेला. तो रास्त आहे, पण त्याचे उत्तर हॅरिसनच्या जन्माआधीच मुंबई-पुण्याच्या कलाकारांनी दिले होते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत. अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांच्या पिढीने तेवढ्यात रागाचे रूप उभे केले आणि त्या तबकड्यांनी महाराष्ट्राच्या घराघरांत गाणे पोचवले. दीर्घ आलापीला वाव देणारी लाँगप्ले भारतात नुकतीच स्थिरावत होती. 'वंडरवॉल'साठी जमलेल्या वादकांना थोडक्यात सांगण्याची कला शिकवावी लागली नाही, ती त्यांच्या परंपरेतच होती. अडचण वेगळी होती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत कलाकार स्वतः ठरवी की काय गाळायचे. इथे ते चित्रपटाच्या प्रसंगाने ठरवले, म्हणून 'गत किरवाणी' रंगात येते तोच संपते. एवढी चुटपुट लावूनही ती रचना लक्षात राहते, हे वादकांचे यश आहे.

मुंबईत तेव्हा भारतीय आणि पाश्चात्त्य वाद्यांची सांगड घालण्याचे काम रोज चालू होते. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात एकीकडे व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन घेऊन बसलेले वादक असत. त्यांत गोव्याहून आलेल्यांचा भरणा मोठा. दुसरीकडे सतार, सरोद, बासरी, तबला. सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे गोमंतकीय संयोजक पाश्चात्त्य स्वरलिपीत सगळ्यांची वाटणी लिहीत. अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८मध्येच मुंबईत मोठा वाद्यवृंद उभारून लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना त्यापुढे गायला लावले होते. हॅरिसनने या तयार व्यवस्थेचा आधार घेतला नाही. त्याने मुंबईत फक्त भारतीय वाद्ये घेतली, लंडनमध्ये मुख्यतः पाश्चात्त्य, आणि दोन्ही शक्यतो एकमेकांशेजारी ठेवली, एकमेकांत कालवली नाहीत. फ्यूजन या नावाखाली पुढच्या दशकांत जे निघाले, त्यातल्या बऱ्याचशा कामापेक्षा हा संयम अधिक टिकाऊ ठरला आहे. शिवाय फोर्टातल्या त्या स्टुडिओत वाजवणाऱ्यांची नावे छापली गेली. हिंदी चित्रपटांच्या तबकड्यांवर संगीतकार, गीतकार आणि गायक यांच्यापलीकडे नाव येत नसे. लाखो लोकांच्या ओठांवर असलेल्या गाण्यांमधली सनई किंवा बासरी कोणाची, हे शोधायला आजही जाणकारांच्या आठवणींवर विसंबावे लागते.

चित्रपटाचे काम उरकल्यावर उरलेल्या वेळात हॅरिसनने १२ जानेवारीला आणखी एक सुरावट वादकांकडून वाजवून घेतली. तिच्यावर ॲबी रोडला ६ आणि ८ फेब्रुवारीला गायन चढले आणि 'द इनर लाइट' हे गाणे तयार झाले. संस्कृतचे अभ्यासक ह्वान मास्कारो यांनी हॅरिसनला 'ताओ ते चिंग'मधल्या एका कवितेवर गाणे करायला सुचवले होते, त्यातून हे शब्द आले. बासरी, सरोद, सनई, पखवाज आणि हार्मोनियम यांवर उभे असलेले हे गाणे मार्च १९६८मध्ये 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला निघाले. बीटल्सच्या एकेरी तबकडीवर हॅरिसनची रचना येण्याची ही पहिलीच वेळ, आणि तिचा सगळा वाद्यमेळ मुंबईचा.

लंडनला परतून हॅरिसनने फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत अल्बमची जुळणी संपवली आणि लगोलग महर्षी महेश योगींच्या आश्रमात हृषीकेशला प्रयाण केले. जुळणीतली सर्वांत धीट रचना 'ड्रीम सीन'. साडेपाच मिनिटांच्या या तुकड्यात उलट्या फिरवलेल्या फिती, फिरत राहणारे भारतीय आवाज, भोंगे आणि हार्मोनिका एकावर एक रचले आहेत. बीटल्सच्या 'रेव्होल्यूशन ९' या बहुचर्चित ध्वनिप्रयोगाच्या ती काही महिने आधीची आहे. लंडनच्या उरलेल्या तुकड्यांबद्दल एवढे म्हणता येत नाही. 'ड्रिलिंग अ होम' किंवा 'पार्टी सीकूम' चित्रपटाबरोबर ठीक वाटतात, नुसते ऐकताना ते लवकर विरतात. बारहॅमच्या फ्लुगलहॉर्नने भारलेली 'ऑन द बेड' हा त्यातला सुखद अपवाद.

मे १९६८मध्ये 'वंडरवॉल' कान महोत्सवात दाखवला गेला. फ्रान्समधल्या आंदोलनाच्या लाटेत तो महोत्सवच दोन दिवसांनी गुंडाळावा लागला. चित्रपटाला वितरक धड मिळाला नाही आणि अल्बम चित्रपटगृहांच्या आधी दुकानांत आला. मुखपृष्ठावरचे चित्र बॉब गिल यांचे. विटांच्या भिंतीच्या एका बाजूला हॅट घातलेला गंभीर गृहस्थ, दुसऱ्या बाजूला पाण्यात रमलेल्या भारतीय स्त्रिया. त्या गृहस्थाला पलीकडे डोकावायची संधी मिळावी म्हणून हॅरिसनच्या सांगण्यावरून भिंतीतली एक वीट काढण्यात आली. अमेरिकेत डिसेंबरमध्ये निघालेला अल्बम बिलबोर्डच्या यादीत ४९व्या क्रमांकापर्यंत गेला. ब्रिटनमध्ये तो यादीत आलाच नाही. लंडनमधल्या प्रकाशनानंतर तीनच आठवड्यांनी बीटल्सचा 'व्हाइट अल्बम' बाजारात आला आणि सगळी चर्चा तिकडे वळली.

त्याच १९६८मध्ये हॅरिसनने सतार बाजूला ठेवली. या वाद्यावर प्रभुत्व मिळवायला आयुष्य लागते आणि आपले मूळ गिटारमध्ये आहे, हे त्याने रविशंकरांशी झालेल्या बोलण्यांतून ओळखले. भारतीय संगीताशी नाते मात्र त्याने सोडले नाही. १ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशासाठी झालेल्या जलशात रविशंकर आणि अली अकबर खाँ यांची जुगलबंदी त्यानेच आधी ठेवली. त्या रंगमंचावर क्लॅप्टन आणि रिंगो दोघेही आपापल्या नेहमीच्या नावाने होते. १९७४मध्ये त्याने रविशंकरांच्या 'म्युझिक फेस्टिव्हल फ्रॉम इंडिया' या युरोप दौऱ्याचा भार उचलला. त्यात शिवकुमार शर्मा आणि रिजराम देसाद पुन्हा त्याच्याबरोबर होते, जोडीला हरिप्रसाद चौरसिया, अल्लारखाँ, सुलतान खाँ, लक्ष्मी शंकर आणि एल. सुब्रमण्यम. त्या वेळचे ध्वनिमुद्रण लंडनबाहेरच्या हॅरिसनच्या घरी झाले.

चित्रपट पुढे बराच काळ विस्मरणात गेला. १९९५मध्ये ओॲसिस या ब्रिटिश गटाने आपल्या गाण्याला 'वंडरवॉल' हे नाव दिले, तेव्हा ते नव्या पिढीच्या तोंडी आले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी चित्रपट दुरुस्त करून पुन्हा दाखवताना रेमो फोरचे 'इन द फर्स्ट प्लेस' हे विसरलेले गाणे सापडले. अल्बम १९९२मध्ये सीडीवर निघाला. २०१४मध्ये ॲपलच्या काळातल्या हॅरिसनच्या अल्बमांच्या संचात त्याची सुधारलेली आवृत्ती आली. त्या आवृत्तीत मुंबईच्या फितींमधले दोन तुकडे प्रथमच ऐकायला मिळाले. एक 'द इनर लाइट'ची गायनाविना वेगळी आवृत्ती, सुरुवातीच्या स्टुडिओतल्या बोलण्यासकट. दुसरा 'ऑलमोस्ट शंकरा', जो १९६८मध्ये अल्बमबाहेर राहिला होता. नावाप्रमाणे तो शंकरा रागाच्या अगदी जवळून जातो.